शीलामावशीचं नाव

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

शीलामावशीचं नाव आज लेखात टिकलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

ऑनलाइन विश्वकोशातला जुन्या पॉप गाण्यावरचा लेख, वाचतं तरी कोण! कॅसेटवर फक्त गायकाचं नाव छापलेलं, सोबतचा बाईचा आवाज मावशीचा. मी ते लिहायचो, कोणीतरी संपादक खोडायचा. म्हणे, छापील पुरावा द्या. अकोल्याहून मावशीचा फोन यायचा, "माहं नाव आलं का रे?" मी नियम सांगायचो. ती भडकायची, "मी जित्ती हाओ ना! त्याले म्हणा, मलेच इचार." मग फोनवरच गाण्यातली तिची ओळ गायची, दम लागेपर्यंत.

रविवारी ती गेली. पेपरातल्या निधनवार्तेत काय द्यायचं, तिच्या मुलाने मलाच विचारलं. त्या गाण्यातला बाईचा आवाज तिचा, हे वाक्य मीच सांगितलं. आज ते छापून आलं आणि तेच मी पुरावा म्हणून लेखाला जोडलं. माझंच वाक्य! हात कसा धजला माझा?

दुपारपासून पाहून राहिलो. कोणी खोडलं नाही. "माहं नाव आलं का रे?"

आलं, मावशी. मेलेल्या बाईवर विश्वास बसला वाटते.