भुंगेऱ्याला दिलेलं माहेरचं नाव

आई, काल भर सभेत मी तुझं माहेरचं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठी नव्हे म्हणा, एका शेणकिड्यासाठी. राग धरू नकोस, आधी ऐकून घे.

आठवतं, तुझ्या गावच्या राईतला एक भुंगेरा मी मसाल्याच्या रिकाम्या डब्यात लपवून लालबागला आणला होता? तुझ्या खाणावळीची पहिली पंगत नुकती उठलीय, गिरणीतले लोक मोरीवर हात धुतायत, तू भाकरी थापतेयस आणि डब्यात खुडखुड. झाकण उघडून तू किंचाळलीस, ‘‘गो चेडवा, मसाल्याच्या डब्यात किडो?’’ पाठीत धपाटा बसला. मग तूच खिळा आणि वरवंटा घेऊन झाकणाला भोकं पाडायला बसलीस. ‘‘जितो आसा मा? मगे श्वास खयसून घेतलो?’’ मी विचारलं, याचं नाव काय? तू हसलीस. ‘‘किड्याक कसला नाव! माझा तरी खय ऱ्हवला?’’ लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं आणि जुनं गावीच राहिलं, हे मला त्या दिवशी कळलं. ते जुनं नाव तू माझ्या कानात सांगितलंस आणि पुन्हा भाकरीकडे वळलीस.

आता मी फोर्टातल्या एका संस्थेत पगार घेऊन किडेच तपासते. तुझ्या राईतला हा भुंगेरा अजून जगाला ठाऊकच नव्हता, आणि ते सिद्ध करण्यात माझ्या नोकरीची अर्धी वर्षं गेली. पाठ घासलेल्या तांब्यासारखी, नराच्या डोक्यावर दोन शिंगं. मादी मात्र जमिनीखाली खणत जाते आणि एकेका पिल्लापुरता शेणाचा गोळा वळून ठेवते. सगळ्यांची जेवणं काढून ठेवणारी बाई मी लगेच ओळखली.

नव्या किड्याला नाव तो शोधणाऱ्याने द्यायचं असतं. सोबतचा म्हणाला, ‘‘मॅडम, सरांचं नाव टाका ना. प्रमोशनचं बघा जरा.’’ सर भले आहेत, पण त्यांचं नाव केबिनच्या दारावर आहेच. मी तुझं टाकलं. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं, मिळू दे. आमच्यात एक नियम आहे, आई. उद्या कुणी अभ्यासकाने हा किडा उचलून दुसऱ्या कुळात नेला, तरी हे नाव त्याच्यासोबतच जातं. किड्याला जे मिळतं ते तुला मिळालं नव्हतं. आता मिळालं, आणि ते मी मिळवून दिलं. मला फार अभिमान वाटतोय, लपवत नाही.

मामाला फोन केला तर तो भडकला, ‘‘शेणातल्या किड्याक माझ्या भयणीचा नाव?’’ मग म्हणाला, ‘‘परत एकदा सांग बघया.’’

हे पत्र पाठवणार कुठे? त्या भोकांच्या डब्यातच ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. सभेत आवाज फुटावा म्हणून परवा मी ओट्यापाशी तुझं नाव मोठ्याने म्हणून पाहिलं, जन्मात पहिल्यांदा. आणि तू ओ देशील म्हणून गॅस बारीक करून थांबले.