एकदाच येऊन गेलेली माणसं

५ जुलै
चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खालच्या शिवणवालीकडून दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा माझं मीच, बोट ठेवून. घरात संशोधन करणारी तू पहिलीच. मला वाटायचं, संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि उंदीर. तू समुपदेशन शिकतेस, तर माणसांनाच विचारणार. कॉलेजच्या मोफत सल्ल्याच्या खोलीत एकदाच येऊन गेलेल्यांना, की बाबांनो, परत का नाही आलात? शिवणवाली म्हणाली, गिऱ्हाईक परत आलं नाही तर समजायचं, दुसरीकडे गेलं. मी म्हटलं, तू आपली कापडं शिव. मग दोघी हसलो. माझा खोकला बरा आहे. उत्तरं किती आली ते कळव, जिन्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

लोभ आहे तेवढा ठेव. वाढवलास तर नाही म्हणणार नाही.
तुझी आजी

२ ऑगस्ट
ती. आजीस, सा. न. वि. वि.

जिन्यात सांगितलंस ते परत घे. चाळीस जणांना पत्रं पाठवली, सोबत तिकीट लावलेलं पाकीट. एकच पाकीट परत आलं, तेही रिकामं, नीट चिकटवलेलं. प्रश्न साधा होता : आमच्याकडे काय कमी पडलं? मार्गदर्शक बाई म्हणाल्या, विद्यार्थ्यांनी एवढ्या खोल पाण्यात उतरू नये; वर्गातल्या मुलींकडून तक्ता भरून घे आणि मोकळी हो. पंधरा दिवस वाचनालयात बसते आणि एक ओळ लिहीत नाही. लोक का येत नाहीत हे कुणाला जाणूनच घ्यायचं नाहीये. संशोधनातून नाव काढून घेण्याचा अर्ज आणून ठेवलाय. रागावू नकोस.

तुझी, लोभाला न शोभणारी,
चिमणी

९ ऑगस्ट
चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

रागावत नाही. अर्ज उशीखाली ठेव आणि हे आधी वाच. हे पत्र शिवणवालीकडून लिहून घेतलेलं नाही, म्हणून अक्षर असं.

तुझे बाबा गेले त्या वर्षी मी इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, अशाच एका खोलीत गेले होते. घरात सांगितलं, भाजी आणते. तुझ्याएवढीच एक मुलगी बसली होती, बाहीला शाई लागलेली. तासभर मी बोलले. तू लहानपणी बडबडायचीस ना, तशी. तुझे बाबा चपला उलटसुलट घालायचे, तेसुद्धा सांगितलं. ती ऐकत राहिली. निघताना म्हणाली, "पुढच्या मंगळवारी याच वेळेला या."

जिना उतरताना मला हलकं वाटलं. चिमणे, पोरगा जाऊन चाळीस दिवस झालेले, आणि आईला हलकं वाटतं? दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले. माझी मलाच लाज वाटली. परत गेले नाही. तिच्याकडे काय कमी पडलं म्हणशील, तर काहीच नाही. भाजी मात्र राहिली.

हे लिहून घे. एक तरी उत्तर झालं. या वयात मला कुणी काही विचारतंय, याचाच केवढा आनंद.

लोभ तसाच, जरा जास्तच.
तुझी आजी

१८ ऑगस्ट
ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि वाचनालयातून उठून बाहेर जावं लागलं. तेव्हा मी शेजारच्याच खोलीत झोपत होते, मला काही कळलं नाही.

आजी, तुझं उत्तर धरता येत नाही. नातेवाइकाचं चालत नाही. बाई म्हणाल्या, आणि या वेळी बरोबर म्हणाल्या. त्या चाळीस जणांना पुन्हा लिहायलाही परवानगी नाही. चाळीस पत्रं मी चुकीचा प्रश्न घालून वाया घालवली. हातात एकच खरं उत्तर आहे आणि ते मोजायचं नाही. अर्ज सोमवारी देते. तू मात्र त्या खोलीत परत जा. एवढं माझं ऐक.

तुझी,
चिमणी

२७ ऑगस्ट
चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

ऐकलं तुझं. मुद्दाम मंगळवारीच गेले. तीन मजल्यांना चारदा बसले. खोलीला कुलूप. काचेतून पाहिलं तर आत खुर्च्यांवर खुर्च्या रचलेल्या. झाडणारी बाई म्हणाली, कधीच बंद झाली. माणसं एकदा यायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत, तेव्हा साहेबांनी ठरवलं, लोकांना गरज नाही. त्यातली एक मी, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

उतरताना जड होते तशीच उतरले. कठड्यापाशी त्या मुलीची आठवण झाली. तिने मंगळवारी घड्याळ पाहिलं असेल. आपलंच काही चुकलं म्हणून रडलीही असेल. तिलाही कुणी कळवलं नाही.

माझं नको मोजूस. पण पुढच्याला एवढंच विचार, जिना उतरताना कसं वाटलं? सोमवार उलटून गेलाय. अर्ज दिलास की नाही, मला ठाऊक नाही.

आज शिवणवालीला सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं. बराच वेळ हातातलं कापड घडी करत राहिली, मग उलगडत राहिली. तीही कुठेतरी एकदाच गेली होती म्हणे. कुठे ते मला सांगत नाही. म्हणाली, "तुमच्या नातीला सांगा, एक पत्र मला पाठव."

ती आपली नातेवाईक नाही.

पत्ता माझाच, फक्त तळमजला.
तुझी आजी