खंडेनवमीचं तेल

अण्णा, तुम्ही स्टुलावर उभे असायचात आणि मी खाली भिंतीला चिकटून, वर्तमानपत्राचा दुमडलेला कागद दोन्ही हातांनी धरून. ड्रिल मशीन सुरू झालं की विटेची लाल भुकटी त्या घडीत पडायला लागायची आणि नेमकी तेव्हाच मला शिंक यायची. "हलू नको," तुम्ही म्हणायचात. "खाली सांडलं तर तुझी आई मला जेवायला देणार नाय." भोक झालं की तुम्ही फुंकर मारायचात, ती सगळी माझ्या केसांत. सोमवारी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माझ्या वेणीकडं बघून विचारायच्या, रविवारी घरी काय करतेस? मी सांगायचे, "आय हेल्प माय फादर." या वाक्यात मी कधी चुकले नाही.

चिकलठाण्याच्या कारखान्यात तुम्ही मेन्टेनन्सला होतात. सुटीच्या दिवशी कॉलनीतल्या कुणाचं घड्याळ, कुणाची फळी, कुणाच्या पाळण्याचा हूक, सगळ्यांना तुमचं मशीन लागायचं. खंडेनवमीला ते पाटावर बसायचं. पूजेआधी तुम्ही ते उघडायचात, पुढच्या गिअरला ग्रीस लावायचात आणि मागचे कार्बनचे दोन छोटे तुकडे मला दाखवायचात. वीज यांच्यातूनच आत फिरणाऱ्या भागाला मिळते, असं सांगायचात. मग पुसून, बंद करून, वरून कुंकवाचं एक बोट आणि झेंडूचं फूल. तुम्ही गेल्यावर धाकट्यानं स्कूटर नेली, मशीन माझ्याकडं आलं. तेव्हापासून एकही खंडेनवमी चुकली नाही. मला ते उघडता येत नव्हतं, म्हणून मागच्या फटींतून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडायचे, चिमूटभर हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. चालवलं मात्र एकदाही नाही.

गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरला. फार लागलं नाही, पण उठता येईना, दुपारपर्यंत तशीच फरशीवर बसून होते. धाकटा पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, आता तिथं एकटीनं राहणं बास. इकडं ये." मी म्हटलं, भिंतीला धरायला दांडा बसवते, मग काय होतंय? कोण बसवणार, त्यानं विचारलं. मी, म्हटलं. पेटी काढली, बटण दाबलं. अण्णा, क्षणभर तुमचा आवाज आला, अगदी तोच, घरघर करत चढत जाणारा. मग मागच्या फटींतून ठिणग्या आल्या, धूर आला, आणि सगळं थांबलं.

क्रांती चौकाच्या मागं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी मशीन उघडलं, बोट आत फिरवलं आणि ते लाल चिकट बोट माझ्यासमोर धरलं.

"बाई, ये क्या है? कुंकू?"

मी मान हलवली.

"चालवून लई मशिनी जळाल्या माझ्यासमोर. पूजा करके जली हुई पैली बार देख रहा हूं." ते हसले, माझ्याकडं बघितलं आणि बसायला स्टूल पुढं केलं. मग समजावून सांगितलं. तेलानं कुंकवाची सगळी भुकटी धरून ठेवली, कार्बन अडकून बसले, आतलं फिरणारं आर्मेचर जळालं. ते नवीन टाकता येईल, त्याच्या भोवतीच्या वेटोळ्यांची तारही नवीन भरावी लागेल.

"आवाज तोच येईल?"

"आवाज मोटरचा असतो, बाई. मोटर नवी, तर आवाज बी नवा. बॉडी तेवढी तुमच्या वडिलांची राहील. सांगा, करू का?"

मी उद्या सांगते म्हणाले. घरी आल्यावर धाकट्याचा फोन. "ताई, त्यात काय अण्णा बसलेत का? नवीन पाठवतो." मला त्याचा राग आला नाही. राग यायला आत काहीतरी असावं लागतं.

नवीन मशीन आलं. हलकं आहे, बॅटरीवर चालतं, आवाज मिक्सरसारखा. चार भोकं पाडली, त्यांत स्क्रू धरून ठेवणाऱ्या गिट्ट्या ठोकल्या, दांडा पक्का बसला. भुकटी सगळी ओल्या फरशीवर पडून तिचा लाल चिखल झाला, कारण खाली कागद धरायला कुणी नव्हतं. मी त्याच दांड्याला धरून बराच वेळ उभी होते. रोज सकाळी तो धरते, आणि रोज वाटतं, आता मी पडायचं नाही, ते कशासाठी?

मिस्त्रींना मी निरोप दिला आहे, दुरुस्त करू नका, तसंच बांधून द्या. तर माझ्यामागं ही पेटी जो उघडेल त्यानं असं करावं. नवीन मशीन त्या मिस्त्रींना द्यावं, मी दुकानात रडले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ड्रिलच्या बिटांचा डबा धाकट्याला, त्याला भोक पाडता येत नाही पण डबा अण्णांचा आहे हे त्याला कळेल. शिलाई मशीन धाकट्याच्या बायकोला, तेलाची कुपी सोडून. जळालेलं मशीन कुणालाही देऊ नये, ते भंगारात जाऊ द्यावं.

हे पत्र त्याच पेटीत ठेवते आहे. अण्णा, मागं कार्बन आहेत, तिथं तेलाचा थेंब बी नको, असं तुम्ही दर वर्षी सांगायचात. ते मला आठवत होतं. पहिल्याच खंडेनवमीला आठवलं होतं. पण तुमच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.