वगळलेलं राज्य

२ नोव्हेंबर, सोमवार

कोंबडा संपला! तुरा ताठ करून उभ्या कोंबड्यासारखं दिसणारं राज्य, म्हणून धाकटीने ठेवलेलं नाव. थोरलीने दिवाणखान्याच्या फरशीवर लोकरीच्या धाग्याने सीमा आखली, निळ्या फितीची नदी सोडली. धाकटीने मिठागरांच्या जागी खरंच मीठ ओतलं आणि मग चाटत बसली. "ताई, राज्य खारट आहे," मला म्हणाली – दोघी मला ताईच म्हणतात. थोरली म्हणाली, "समुद्र उरू दे जरा, सगळा पिऊ नकोस."

आठवड्याला एक राज्य – नद्या, डोंगर, पिकं, कोणाची सत्ता होती, सीमा कशी ठरली. डावीकडून उजवीकडे, एकही न सोडता. नियम माझाच. पहिल्या दिवशी सांगितलं होतं – लहान आहे किंवा कंटाळवाणं आहे म्हणून कुठलंच राज्य वगळायचं नाही, तिथे राहणाऱ्यांना ते कंटाळवाणं नसतं. काय रुबाबात बोलले होते!

माझ्या आईचं आपलं रोजचं सुरूच. "मुली घरात शिकतात, मग शाळेत काय, स्वयंपाक करतात?" मी सांगते, अगं, थोरलीला शाळेच्या फाटकाशीच उलटी व्हायची, रोज, वर्षभर. म्हणून काढली. धाकटी तिच्या मागोमाग घरी बसली. आई म्हणते, "असू दे. आमची पदवीधर तिथे भूगोल शिकवते, एवढं पुरे." आणि इस्त्रीचे कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागतं.

५ नोव्हेंबर

आज डॉक्टरीणबाईंनी – मुलींच्या आईंनी – खाली दवाखान्यात बोलावलं. दोन पेशंटच्या मधली वेळ. "बसा ना," म्हणाल्या, पण बसायला दात तपासायची ती खुर्चीच. बसले. वर दिवा. त्यांनी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि इंजेक्शन द्यायच्या आधी बोलतात तशा शांत आवाजात सांगितलं –

"आम्ही वेगळे होतोय. थोरली ह्यांच्याकडे राहील, धाकटी माझ्याकडे. ह्यांची बदली देशाच्या दुसऱ्या टोकाला झालीय. मुलींना बाहेरून बसायची परीक्षा झाली की सांगू. तोवर तुमच्याकडून काही कळायला नको."

दोघी कधी एका रात्रीपुरत्याही वेगळ्या झोपलेल्या नाहीत. हे मला ठाऊक आहे, तर त्यांना नसेल?

मग म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडेच याल ना पुढे? धाकटीला तुमचा लळा आहे."

मी "हो, नक्की" म्हटलं. लगेच. थोरलीचं काय, हे डोक्यात यायच्याही आधी. नोकरी टिकली याचा आनंद झाला मला. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते – आनंद झाला.

८ नोव्हेंबर, रविवार

उद्याची तयारी करायला काल ग्रंथालयातून पुस्तक आणलं. उद्या बूट – नकाशावरचा आकार बघून धाकटीने आधीच ठेवलेलं नाव. बुटाच्या मागचं राज्य टाच. ही दोन राज्यं आधी एकच होती. पुढे वाटणी झाली. धरण कोणाला, कोर्ट कोणाला, आगगाड्यांचे डबे कोणाला – सगळं पानोपानी दिलंय. राजधानीच्या प्राणिसंग्रहालयात दोन हत्तिणी होत्या, लहानपणापासून एकत्र. त्याही वाटल्या. एक बुटाला, एक टाचेला. खाली फोटो. एक ट्रकमध्ये चढतेय, दुसरी बघतेय.

हे मी त्या दोघींना फरशीवर धागा टाकून शिकवू?

९ नोव्हेंबर, सोमवार

नाही शिकवलं. म्हटलं, "बुटाचं पुस्तक ग्रंथालयात मिळालं नाही. आपण पुढचं राज्य घेऊ."

पुस्तक पिशवीत होतं. पिशवी पायाशी.

धाकटी म्हणाली, "पण डावीकडून उजवीकडे!" "एकदा चालतं गं," मी म्हटलं. थोरलीने पुढच्या राज्याची सीमा आखायला घेतली, पण बुटाची जागा फरशीवर मोकळी सोडली.

१० नोव्हेंबर

आज कोणी काही विचारलं नाही. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली.

१२ नोव्हेंबर

सगळं माझ्यामुळे झालं.

थोरलीने ग्रंथालयात फोन केला होता. पुस्तक कधी परत येईल ते विचारायला, मला मदत म्हणून! तिकडून उत्तर मिळालं – पुस्तक तुमच्या ताईंनीच नेलंय, शनिवारी. मग तिने साहेबांच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, कपाटातला जुना ज्ञानकोश काढून बूट स्वतःच वाचला. इतक्या राज्यांतून ताईने हेच का सोडलं, ते शोधायला. आणि घरात गेले कित्येक दिवस दारं लावून बोलणं चाललेलं तिला ऐकू येत होतंच.

धाकटीला पाणी आणायला पाठवून तिने विचारलं, "ताई, त्या हत्तिणींचं पुढे काय झालं?"

"पुस्तकात दिलेलं नाही." आज मी खरं बोलले ते एवढंच.

"आम्हालाही वाटणार आहेत का?"

धड्यासारखा शिकवला असता तर बूट हे फक्त एक राज्य राहिलं असतं. मी ते लपवलं आणि तिच्या हातात उत्तर दिलं.

आणि तरीही म्हटलं, "काहीतरीच काय! असं काही नाही."

ती "बरं" म्हणाली आणि लोकर गुंडाळायला लागली. धाकटी पाणी घेऊन आली. मी सगळं प्यायले, तहान नसताना.

१३ नोव्हेंबर

आईला सांगितलं. इस्त्री न थांबवता म्हणाली, "मोठ्या घरातल्या भानगडीत तोंड घालू नकोस. शिकव, चहा पी, घरी ये."

"अगं, ती मला विचारत होती."

"मग?"

"मग मी खोटं बोलले."

इस्त्री थांबली. "ते मात्र तुला आम्ही शिकवलं नव्हतं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कॉलरकडे वळली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंना गाठलं. या वेळी उभीच राहिले.

"थोरलीला कळलंय."

"तुम्ही सांगितलंत?"

"न सांगून सांगितलं." त्यांना समजेना. बूट, पुस्तक, फोन, सगळं सांगितलं. मग धीर करून म्हटलं, "दोघींना एकदा विचारा तरी. त्यांना काय हवंय ते."

"बारा आणि आठ वर्षांच्या मुलींना विचारून घरं ठरवायची?" आवाज चढला नाही त्यांचा, थकल्या होत्या. "तुम्ही सज्जन आहात. पण तुमचं लग्न व्हायचंय अजून."

दोघींना वेगळं करू नका, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेवढ्यात पेशंट आला, गाल धरून. मी बाजूला झाले. वाक्य घरी जाताना बसमध्ये पूर्ण झालं, खिडकीकडे बघत.

आणि "नक्की येईन" म्हटलं होतं, ते काही मी परत घेतलं नाही. आठवलं नाही असं नाही.

१८ नोव्हेंबर

काल रात्री आईवडिलांनी मुलींना सांगून टाकलं. परीक्षेपर्यंत थांबले नाहीत.

आज धाकटीने राज्याला नाव ठेवलं नाही. तिला दोनदा विचारलं. "असू दे असंच," म्हणाली. ताईच्या मांडीला टेकून बसली होती – तिच्या ताईच्या. मला आज दोघी "बाई" म्हणत होत्या. बाई, तुम्ही. उद्धटपणा अजिबात नाही. वह्या नीट, अक्षर सुंदर.

तास संपल्यावर मी म्हटलं, "मी त्या दिवशी खोटं बोलले. चुकलं माझं."

थोरली म्हणाली, "आई-बाबाही बोलले. पण ते आई-बाबा आहेत. तुम्ही तर शिकवता."

तिने मला फाटकापर्यंत सोडलं, नेहमीसारखं. फाटक माझ्यामागे हळूच लावलं, आवाज न होऊ देता.

१९ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना सांगितलं – मी येणार नाही तुमच्याकडे, फक्त एकीला शिकवायला नाही येणार. आणि ते बसमधलं वाक्यही बोलले, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "उशीर केलात," म्हणाल्या. रागाने नाही.

२० नोव्हेंबर

तास नाही. निरोप आला, येऊ नका म्हणून. कारण सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांचा फोन. दोघी जानेवारीपासून शाळेत जाणार – दूरच्या, वसतिगृहाच्या. कोणी सुचवलं नव्हतं. थोरलीनेच शोधली, फोन करून चौकशी केली, आणि आई-बाबांना समोर बसवून सांगितलं, "तिथे बहिणींना एक खोली मिळते."