माडीवरच्या कोल्हीणबाईंचे स्थळ

तीर्थरूप थोरल्या मावशींच्या चरणी,

शीहेच्या कचेरीतून, मामांच्या माडीवरून (खोलीतून नव्हे, माडीवरून, कारण ओघाने येईलच) यिंगशूचा वाकून नमस्कार. आपला गुडघा या थंडीत कसा आहे? नासपतीच्या फांदीवरून शेजाऱ्यांशी चाललेला आपला लढा कुठवर आला? आपल्या चिनानहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी मामींकरवी हे विचारून घेते, पण पुरुषमाणसे राजधानीतल्या नेमणुकांसारख्या किरकोळ बातम्या आणतात आणि महत्त्वाचे तेवढे विसरून येतात. इकडे सर्व कुशल आहे. मामांचा खोकला बरा आहे, मामींचा आवाज उत्तम आहे. माझेही ठीक चालले आहे. एवढेच, की वसंतापासून मी कोल्हीण झाले आहे.

पत्र खाली ठेवून कोणा मांत्रिकाला बोलावू नये, ही विनंती. क्रमाने सांगते.

बाबा गेल्यावर मामा मला इकडे घेऊन निघाले, तेव्हा आपण मला कमी बोलण्याची आज्ञा केली होती. ती मी इतकी मनोभावे पाळली की मामींच्या मैत्रिणी मला मुकी समजू लागल्या. माझा नाइलाज होतो, मावशी. चार बायका मला बघायला समोर बसल्या की बाबांनी शिकवलेले सगळे ग्रंथ मला आठवतात आणि "चहा घ्या" एवढे दोन शब्द आठवत नाहीत. अशा वेळी लपायला जागा हवी. आता मामांच्या कचेरीत, सगळ्याच कचेऱ्यांत असते तशी, सरकारी शिक्क्याची राखण करणारी, कोणाला न दिसणारी मायावी कोल्हीण आहे. तिच्यासाठी वरची माडी सोडलेली असते. दार नुसते लोटलेले, पण ते ढकलण्याची कोणाची छाती होत नाही. उंबऱ्यावर उकडलेली अंडी आणि कोमट दारूचा पेला ठेवून सगळे पाठ न दाखवता खाली उतरतात. (शिक्का हरवला तर मामांची नोकरी जाईल. त्यामुळे पूर्वजांपेक्षा तिचीच बडदास्त अंमळ जास्त असते.) त्या माडीत आधीच्या अधिकाऱ्यांनी मागे टाकलेले ग्रंथ छतापर्यंत रचलेले आहेत, आणि माझ्या खोलीच्या माळ्यावरून तिकडे जाणारी एक फळी सुटलेली आहे, हे दोन्ही शोध मला एकाच दुपारी लागले. त्यानंतर पाहुण्यांच्या वेळी मी कोणाला सापडले असते तरच नवल.

वर धूळ फार होती. मी शिंकले.

"अगं बाई! कोल्हीणबाई शिंकल्या!" खालून होउ काकू, म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाई, ओरडल्या.

"मग ओरडतेस काय? घरात आहेत, एवढंच ना," मामी म्हणाल्या. "मला वाटत होतं, इतकी वर्षं आपली अंडी कावळेच खातायत."

मी त्याच क्षणी खाली जाऊन खुलासा करायला हवा होता, हे मला मान्य आहे. परंतु पाहुण्यांना चुकवण्याच्या नादात माझे जेवण राहिले होते आणि दाराच्या फटीतून गरम अंड्यांचा वास येत होता. रिकामी बशी पाहून घरात जो आनंदीआनंद झाला, तो पाहता खुलासा करणे मला माणुसकीला धरून वाटेना.

हळूहळू मामा दाराशी येऊन सल्ला मागू लागले. (याच मामांनी मला आजवर "जेवलीस का" याखेरीज काही विचारलेले नाही, हे लक्षात घ्यावे.) एकदा दोन शेजारी एकाच हंसावर हक्क सांगत कचेरीत आले. मामांनी दाराबाहेरून विचारले, "कोल्हीणबाई, दोघंही शपथा घेतायत, दोघंही रडतायत, काय करू?" मी चिठ्ठी सरकवली, की हंसाला गल्लीच्या तोंडाशी मोकळे सोडावे, तो आपले घर आपण ओळखेल. अख्खा गाव जमला. हंस मान ताठ ठेवून दोन्ही घरांवरून पुढे गेला, कचेरीचे फाटक ओलांडून आत आला आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरून चुलीपाशी बसला. होउ काकूंना एकाएकी चुलीतली राख काढण्याची आठवण झाली. मामांनी "हंसाचे चित्त स्थिर नाही" असा शेरा मारून खटला निकालात काढला आणि दोघांनाही आपल्या पदरचा एकेक हंस दिला. पण कोल्हिणीवरची त्यांची श्रद्धा दुणावली. घरातली चोरी तिने घरातच दाखवली होती.

येथवर सारे ठीक होते. बिघडले ते फान शिलिन या इसमामुळे. हा आमच्या भिंतीपलीकडच्या देवळात राहून परीक्षेचा अभ्यास करतो. अशा देवळांत राहणाऱ्या मुलांची मनःस्थिती आपण जाणताच. प्रत्येकाला वाटते की एके दिवशी एक देखणी कोल्हीण भिंतीवरून येईल. तिच्या माहेरी काही पोचवावे लागणार नाही, ती सासूशी भांडणार नाही, निबंध लिहून देईल आणि नेमणूक मिळाल्यावर समजूतदारपणे अंतर्धान पावेल. एका वाऱ्याच्या दुपारी त्याचा निबंध उडून माडीच्या खिडकीत अडकला. विषय होता, राजाने सल्ला कोणाचा घ्यावा. मी तो वाचायला नको होता. पण तिसऱ्याच वाक्यात त्याने एका ऋषीचे वचन भलत्याच ऋषीच्या तोंडी घातले होते, आणि बाबांच्या मुलीने ते डोळ्यांदेखत कसे सहन करावे? मी लाल शाईने सर्व दुरुस्त्या केल्या, समासात "पाठांतर कच्चे" असे लिहिले आणि कागद पलीकडे टाकला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा निबंध आला, त्यावर वजन म्हणून अंडी. (सगळे अंडीच देतात. तिळाच्या वड्या कोणाला सुचत नाहीत.)

असे होता होता तालुक्याच्या परीक्षेत तो पहिला आला. मामाच परीक्षक, त्यांना त्याचे लेखन इतके भावले की त्यांनी त्याला चहाला बोलावून माझे स्थळ सांगितले. मी वर फळीला कान लावून होते, म्हणून पुढचे शब्द जसेच्या तसे देते.

"साहेब, उपकार आहेत," तो म्हणाला, "पण माझं मन दुसरीकडे गुंतलंय."

"कुठे रे?"

"आपल्याच घरात. जरा वरती."

पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "अरे, ती सरकारी आहे! तू तिला नेलीस तर शिक्का कोण सांभाळणार? तू?"

मावशी, आपल्या घराण्यात मुलींना नकार यापूर्वीही आले असतील; परंतु स्वतःपायीच नाकारली गेलेली मी पहिलीच. त्याच संध्याकाळी मामा दाराशी आले आणि हात जोडून म्हणाले, "कोल्हीणबाई, त्या पोराला तुम्हीच हुकूम करा, आमच्या भाचीशी लग्न कर म्हणून. पोरगी गुणाची आहे हो. फक्त घरात आहे की नाही ते कळत नाही. हा नाही म्हणाला तर मग मीठवाला आहेच." हा मीठवाला म्हणजे नदीपलीकडचा विधुर व्यापारी. मामींनी त्याला जवळजवळ शब्द दिला आहे. नदी गोठून गाड्या चालू झाल्या की तो बघायला, खरे तर न्यायलाच, येणार. पुस्तकांनी घराला वाळवी लागते असे त्याचे मत आहे, आणि पहिल्या बायकोचे ग्रंथ त्याने खारे मासे बांधायला काढले, हे तो स्वतः हसत हसत सांगतो.

मी मामांना अजून उत्तर दिलेले नाही. कोल्हीण म्हणून हुकूम सोडावा, तर ज्याचे मन माडीत आहे अशा माणसाच्या घरी मी खालच्या मजल्यावर आयुष्य काढणार. न सोडावा, तर खारे मासे. तरीही आपण काळजी करू नये. मी वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर नाही. मामा जे ठरवतील ते मला शिरसावंद्य आहे, आणि या पत्रात माझी काहीही मागणी नाही. गुडघ्याला ऊब द्यावी, फांदीबाबत माघार घेऊ नये.

आपली आज्ञाधारक,
यिंगशू

ता. क. एक लहानशी मागणी आहे. माझ्या जन्माच्या वेळी आईजवळ आपण होतात. मामांना दोन ओळी लिहाव्यात, की त्या वेळी आपल्याला शेपूट दिसले होते. लहानसेच लिहावे, फार झुपकेदार नको. कोल्हिणीला कोणी बघायला येत नाही, मीठवाल्याला देत नाही. तिला मत विचारतात, तिने दिलेले ऐकतात, आणि पुस्तके तिच्याकडेच राहू देतात. मी पुष्कळ विचार केला. माणूस राहून यातले काही माझ्या वाट्याला येईल, अशी चिन्हे मला दिसत नाहीत.

दुसरा ता. क. पत्र बंद करणार तोच भिंतीवर तो पहिलाच, राजाच्या सल्ल्यावरचा निबंध परत आला. त्यात मी एके ठिकाणी लिहिले होते, "उत्तम सल्लागार दिसण्याची गरज नाही, सल्ला पोचला म्हणजे पुरे." त्याखाली त्याने लिहिले आहे, "अमान्य. आडून आलेल्या सल्ल्याशी वाद घालता येत नाही. आणि ज्याच्याशी वाद घालता येत नाही तो सल्ला नव्हे, हुकूम." खंडनासाठी मी दुपारभर माडीतले ग्रंथ उपसले. खंडन सापडले नाही. त्याचे बरोबर आहे. बाबा गेल्यापासून माझे म्हणणे कोणी खोडले नव्हते, त्यामुळे मला राग आला की आणखी काही, हे नक्की सांगता येत नाही. त्याखाली बारीक अक्षरात आणखी आहे: "हजार वर्षे जगलेल्या कोल्हिणीला एका चुकलेल्या वचनाचा एवढा संताप येत नसावा. तो ज्याने पाठांतरापायी छड्या खाल्ल्या त्यालाच येतो. साहेबांच्या भाचीला मी घाईने नकार दिला असे आता वाटते. तिचे अक्षर कसे आहे, तेवढे कळवावे."

तरी शेपटाचे पत्र तूर्त पाठवू नये. मी उत्तर लिहायला बसले आहे, पण चार कागद फाडले, मावशी, तरी अक्षर खरोखरच कोल्हिणीने काढल्यासारखे येत आहे.