गावाच्या नावाचं डॉट कॉम

१४ नोव्हेंबर २००५
शैलाकडे आज दोन गाड्या. आमच्या तिन्ही खोल्या रिकाम्या. माझी धाकटी जाऊ, अंगण एकच. तिच्या ओट्यावर माणसं मावत नाहीत आणि माझ्या ओट्यावर मांजर. मिठबावात पाहुण्यांना खोल्या द्यायला आधी सुरुवात मी केली. चादरी कशा घालायच्या तेसुद्धा तिला मीच शिकवलं.

१९ नोव्हें.
शै.कडच्या ठाण्याच्या बाई नळावर भेटल्या. विचारलं, पत्ता कुठे मिळाला? "पत्ता कसला? गावाचं नाव टाइप केलं, पुढे डॉट कॉम. ह्यांच्या खोल्या निघाल्या."
शोधलंसुद्धा नाही. अंदाजाने टाकलं.

२२ नोव्हें.
देवगडला सायबर कॅफेत. शै.ची साइट पाहिली. एकच पान. माडांचा फोटो, तोही तिरका, खाली फोन नंबर. बस. आमच्या साइटची नऊ पानं. समुद्र, जेवण, हापूस, नांदगाव स्टेशनवरून कसं यायचं, सगळं. पण नाव? घराचं नाव, निवास, न्याहारी, सगळं सलग इंग्रजीत. यांची हौस. टाइप करताना मीच दोनदा चुकले. पानाखालचा आकडा: आठवड्यात चार जण. त्यात दोनदा मीच.

३ डिसें.
शै.ला सहज विचारल्यासारखं विचारलं. "माका काय कळता, वयनी? पुण्याच्या भावान घेतल्यान ता नाव. म्हणालो, अजून कोणी घेवक नाय, घेवन ठेवतंय."
गाव काय त्याचं? लग्नाला आला तेव्हा वाट विचारत आला होता.
यांना सांगितलं तर, "तुझ्या पोटात कित्याक दुखता? आपलीच माणसा ती."
दुखतं. इथे लिहिते, बाहेर नाही.

२७ डिसें.
शै.कडे गर्दी. दारात येऊन म्हणाली, "वयनी, दोघांक तुझ्याकडे जागा आसा मा?" मी म्हटलं, नाही, रंगकाम काढलंय. ती माझ्या खिडक्यांकडे बघत राहिली. लाज वाटली, पण नाही म्हणून झालं होतं.

२ मार्च २००६
कॅफेत. शै.चं पान उघडेना. कॅफेवाले म्हणाले, "नावाची मुदत संपली. वाढवूक नाय कोणी. दोन-अडीच महिन्यांनी सुटात, मगे कोणीय घेवंदे."
शै.चा भाऊ जानेवारीत दुबईला गेला. मुदतीची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर; तिथे कोण बघणार.
शै.ला सांगायला हवं. उद्या.

८ एप्रिल
नाही सांगितलं. शै.चा फोन गप्प. ओट्यावर काजू सोलत होती. "यंदा लोका खंय गेली काय म्हायत." मी शेजारी बसले, सोलू लागले. पाटी संपवूनच उठले.

२० मे
नाव सुटलं. घेतलं, माझ्या नावावर. गावाचं नाव टाकलं की आता माझी नऊ पानं. यांना म्हटलं, देवगडला काम होतं.

४ जून
नाशिकहून फोन, दिवाळीसाठी. "शैलाताई ना? साइटवरून नंबर घेतला. गेल्या वर्षी आईला ताप आला, तुम्ही चार दिवस पेज करून भरवलीत. आई म्हणते, जायचं तर त्यांच्याकडेच."
एका अंगणात राहून मला हे माहीत नव्हतं.
मी शैला नाही, असं म्हणाले नाही. म्हटलं, पाच वाजता परत करा.
पावणेपाच झाले. शै. समोर मासे साफ करतेय. मघाशी मान वर न करताच विचारलंन, "कोणाचो फोन, वयनी?"
म्हटलं, तुझोच. हात धुवन ये.
येतेय.