पुढच्या चाकाचं बेअरिंग

३ मार्च
गिऱ्हाईक मिळालं! कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर. दारातच म्हणाले, "गाडी घेतो, पण पुढचं चाक आधी नीट करा. पिठाच्या गिरणीसारखं घरघरतंय."

अप्पा आत पडले होते. त्यांना सांगितलं नाही. गेल्या महिन्यात मोटारसायकल घेऊन गेले आणि परतीचा रस्ताच विसरले. मी संध्याकाळपर्यंत शोधत होते, जीव टांगणीला. डॉक्टर म्हणाले, गाडी घरात नकोच. ठरलं. पण चाक त्यांच्याच हातून होऊ दे. जन्मभर गॅरेजात तेच केलं त्यांनी.

४ मार्च
अप्पांनी चाक उतरवलं, दोन्ही बेअरिंगं ठोकून बाहेर काढली. हात कुठे अडखळला नाही! नंबर विचारला. "६२०२, ठमे. डोळे मिटून घेऊन ये."
केस पिकले तरी मी ठमीच. बरं वाटलं.

५ मार्च
कसलं काय! आणलेलं बेअरिंग चाकाच्या मधल्या हबमध्ये नुसतं खुळखुळलं. नमुन्याला जुनं न्यावं म्हटलं, तर "कुठे ठेवलं आठवत नाही." सगळं घर पालथं घातलं. नाही.

७ मार्च
दुकानदाराने कपाळावर हात मारला. "बाई, जुनं नाही, नंबर नाही. मी काय पत्रिका बघून देऊ?" मग त्यालाच कीव आली असावी. शेवटचे दोन आकडे म्हणजे आतलं भोक, म्हणाला. ०१ म्हणजे बारा मिलिमीटर, ०२ म्हणजे पंधरा. एक्सल मोजून बघा.

घरी येऊन मोजला. बारा!

म्हणजे ६२०२ शक्यच नव्हतं. हे अप्पा नव्या कारागिरांकडून पहिल्याच दिवशी घोकून घ्यायचे. माणसं विसरले, रस्ते विसरले, पण नंबर शाबूत आहेत म्हणून मी तग धरून होते. आता तेही गेले. मग उरलं काय?

८ मार्च
पुन्हा विचारलं. बराच वेळ चाकाकडे बघत बसले. "६२०१ असेल बघ."
आणलं. एक्सलवर बसलं, हबमध्ये परत सैल. वर हसले! मी नळ सोडून न्हाणीघरात रडून घेतलं.

१० मार्च
दुकानदार म्हणतो, आतून तेवढंच पण बाहेरून मोठं हवं, म्हणजे ६३०१. दोन्ही बाजूंनी रबरी झाकणाचं दिलं, धूळपाणी आत जात नाही म्हणे. अप्पांनी हातात घेतलं, अंगठ्याने फिरवून बघितलं आणि — "हे आपलं नव्हे. परत कर."

"अहो अप्पा, बसवून तर बघा!"

नाही म्हणजे नाही. हट्टाला पेटले. शेवटी माझाच तोल सुटला — "तुम्हाला आता काही कळत नाही!" बोलले आणि जीभ चावली. ते जेवलेसुद्धा नाहीत.

११ मार्च
उद्या दुपारी मेकॅनिक येऊन बसवून देईल. कंपाउंडर परवा गाडी नेतील. सुटले म्हणायचं. कशातच जीव नाही.

१२ मार्च
सकाळी चहा घेऊन गेले. अप्पांनी दार लोटून घ्यायला लावलं. अंगातल्या स्वेटरच्या खिशातून फडकं काढून सोडलं — जुनी बेअरिंगं, दोन्ही! "६३०१. आत बारा, बाहेर सदतीस. मला न कळायला काय झालं? मुद्दाम चुकीचे सांगत होतो."
मग माझा हात धरला. "पण ताई, तुम्ही कुणाला बोलू नका हं. चाक झालं की आमची ठमी गाडी विकेल."